उधारीची वही: एका कर प्रणालीच्या दुरुस्तीच्या नोंदी

10 जून 2024, सोमवार

आज रुजू झाले. कृष्णाकाठची नगरपरिषद, पद संगणक अभियंता. पदनाम भारदस्त, पण पहिला फोन आला तो जन्म-मृत्यू विभागातून, प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचा. माझ्याआधीच्या अभियंत्यांची बदली झाल्यापासून खुर्ची रिकामीच होती. कार्यभाराची यादी दोन पानी: संगणक इतके, यूपीएस इतके, खुर्च्या इतक्या. शेवटून तिसरी ओळ, 'मालमत्ता कर आज्ञावली, सीडी 1 नग'.

शहराच्या उत्पन्नाचा कणा, एक नग.

13 जून

सीडी वाचणारा ड्राइव्ह कार्यालयातल्या एकाही संगणकाला नाही. शेवटी नगर वाचनालयातल्या जुन्या संगणकावर उघडली. आत व्हिज्युअल बेसिक 6 या प्रोग्रामिंग भाषेतला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर. फायलींवरची तारीख मार्च 2016. आणि कर विभागात रोज चालते ती ईएक्सई, म्हणजे त्या मजकुरापासून बनलेला तयार प्रोग्राम, ऑक्टोबर 2019 ची. म्हणजे मधल्या साडेतीन वर्षांत जे बदल झाले त्यांचा सोर्स आपल्याकडे नाहीच. ज्या कंपनीने ही प्रणाली दिली तिचा देखभाल करार संपला, मालक धंदा बदलून बसले, आणि ज्या मुलाने बदल केले तो पुण्यात कुठेतरी नोकरीला आहे असं कळलं. फोन लागत नाही.

जुना कार्यादेश काढून वाचला. 'संगणक प्रणाली पुरवठा करणे, बसवणे व प्रशिक्षण देणे.' सोर्स कोड हा शब्दच नाही. सरकारी पैशातून बनलेल्या प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरण केंद्र सरकारने 2015 मध्येच जाहीर केलं होतं. खुला करणं राहू दे, आम्हाला तो आमचाच मिळालेला नाही.

एक लाँगबुक आणून त्यावर 'उधारीची वही' लिहिलं. जे जे विचित्र दिसेल, दुरुस्त करून फेडायचं राहिलेलं, ते यात, अनुक्रमांकासह. पहिल्या तीन नोंदी:

1. व्हिज्युअल बेसिक 6. या साधनाचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2008 ला बंद केला.
2. विंडोज सर्व्हर 2003. पाठिंबा बंद 14 जुलै 2015.
3. एसक्यूएल सर्व्हर 2005, म्हणजे सगळी माहिती साठवणारा डेटाबेस. पाठिंबा बंद 12 एप्रिल 2016.

20 जून

सर्व्हरवर सापडलेले फोल्डर: 'टॅक्स फायनल', 'टॅक्स फायनल नवीन', 'टॅक्स फायनल 2 साहेबांनी सांगितल्याप्रमाणे', 'टॅक्स जुनं पण हेच वापरा'. शेवटचं खरं आहे. तेच वापरतात.

सगळं आहे तसं उचलून गिटमध्ये टाकलं. कर निरीक्षकांना समजावताना फार आटापिटा करावा लागला नाही. म्हटलं, तुमची नस्ती असते ना, डाव्या बाजूला टिप्पणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, पानांना नंबर, खाली सही आणि तारीख, एक पान फाडलं तरी कळतं. गिट म्हणजे कोडची नस्ती. बदल हा पत्रव्यवहार आणि बदल का केला ते टिप्पणी. दुसऱ्याने बघून मान्य करणं म्हणजे 'मान्यतेस्तव सादर'.

ते म्हणाले, "मग इतके दिवस याची नस्ती नव्हतीच?"

नव्हती. शिपायाच्या रजेच्या अर्जावर इथे चार सह्या होतात. शहराच्या कराचा हिशोब बदलायला मात्र एकही लागत नव्हती, त्या मुलाला फोन केला की झालं. मला वाटतं सरकारी प्रणालींचं दुखणं इथेच आहे. तंत्रज्ञान जुनं होतं हे ठीक, ते सगळ्यांचंच होतं. पण तोंडी आदेश कोडमध्ये जातो, कागदावर येत नाही, आणि माणूस बदलून गेला की तो आदेश अनाथ होतो.

8 जुलै

काम शून्य. 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या अर्जांसाठी कार्यालयात पाय ठेवायला जागा नाही. आम्ही सगळेच अर्ज भरतोय, मीसुद्धा. वही कपाटात.

22 जुलै, सोमवार

शुक्रवारी जगभर विंडोजचे संगणक निळे पडदे दाखवून बसले, विमानं खोळंबली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे. आज सकाळी सीओ साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, केबिनमध्ये बोलावलं. "आपल्याकडे काही झालं नाही ना?"

"नाही सर. आपला सर्व्हर इतका जुना आहे की ते सॉफ्टवेअर त्यावर बसणारच नाही."

"बघा! जुनं ते सोनं."

हसून बाहेर आले. पण हे वाक्य पुढे माझ्यावर उलटणार हे तेव्हाच कळलं. वहीत नोंद क्र. 9: 'जुनं असल्यामुळे एकदा वाचलो.'

26 जुलै, शुक्रवार

नदी चढतेय. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराची आठवण इथे कोणीही न विचारता सांगतं, कुणाच्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात लावून दाखवतात. आमची सर्व्हरची खोली तळमजल्यावर आहे. तेव्हा मामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, सर्व्हर टेबलावर आणि टेबल बाकावर ठेवलं होतं म्हणून वाचला. त्यानंतर पाच वर्षं तो पुन्हा जमिनीवरच.

आज मी, मामा आणि पाणीपुरवठा विभागातले दोघे, असे चौघांनी मिळून तो वरच्या मजल्यावर सभागृहाच्या मागच्या खोलीत नेला. सभागृह तसंही रिकामंच आहे, निवडणुका न झाल्याने प्रशासकाचा कारभार. बॅकअप कुठे असतो विचारलं तर कर विभागाच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह निघाला. त्यावरची शेवटची फाईल उघडत नाही. तिच्याआधीची उघडते.

उघडून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणायचं नाही. आजपासून दर शुक्रवारी दुसऱ्या संगणकावर तो चढवून दाखवायचा आणि वहीत सही करायची. मामांनी सही करायची जबाबदारी आपणहून घेतली. आता दर शुक्रवारी येऊन विचारणार, "उघडली का?"

12 ऑगस्ट

नवीन प्रणाली विकत घ्यावी, असा सूर आहे. मी विरोधात. नवीन प्रणाली लिहिणारा विचारणार, नियम काय? नियम तर या ईएक्सईच्या पोटात आहेत आणि ते कोणालाच पाठ नाहीत. त्यामुळे आधी जुनी प्रणाली काय करते ते पकडायचं, बरोबर की चूक हे नंतर.

पद्धत साधी. डेटाबेसची प्रत वेगळ्या आभासी संगणकावर चढवली. त्याचं घड्याळ 1 एप्रिलवर नेलं. बिलं छापायचा हुकूम दिला, पण प्रिंटरऐवजी फाईलमध्ये. डॉट मॅट्रिक्सचा हा एक फायदा, बिल म्हणजे सरळ अक्षरं आणि मोकळ्या जागा. अख्ख्या शहराची बिलं एका मजकूर फाईलीत उतरली. ही फाईल म्हणजे आपला प्रमाण दगड. आता मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नियम पुन्हा लिहीत जाणार, तशीच फाईल काढणार आणि दोन्ही ओळीला ओळ ताडून बघणार.

21 ऑगस्ट

पहिला आठवडा आनंदात गेला. सामान्य कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, सगळं बिलांशी रुपयाला रुपया जुळलं. मग सहज म्हणून मागणी रजिस्टरची बेरीज लावली आणि ती जुळेना. बिलांची बेरीज कमी, रजिस्टरची जास्त.

लेखापालांना विचारलं. ते अजिबात दचकले नाहीत. "तो संगणकीय फरक. दरवर्षी असतो. आम्ही एक नोंद टाकतो."

दोन दिवस गेले, पण सापडलं. समजा करयोग्य मूल्य 1,250 रुपये आणि एखादा कर एक टक्का. होतात साडेबारा रुपये. रजिस्टरची बेरीज एसक्यूएल सर्व्हर करतो आणि त्याचं राऊंड, म्हणजे पैसे पूर्ण रुपयात आणणं, आपण शाळेत शिकलो तसं, अर्धा आला की वर: 13. बिल मात्र व्हिज्युअल बेसिक करतं. त्याचं राऊंड नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं: 12. मूल्य 1,350 असेल तर साडेतेराचे दोघेही 14 करतात, त्यामुळे चार बिलं तपासून हे कधीच हाती लागत नाही.

आणि माझं का जुळलं? कारण पायथन 3 चं राऊंडसुद्धा सम संख्येकडेच जातं. माझी चूक आणि जुनी चूक एकाच वळणाची निघाली आणि मी त्याला यश समजत होते. म्हणून आता एकाच गोष्टीची दोन वेगळ्या वाटांनी ताडणी केल्याशिवाय 'जुळलं' लिहायचं नाही.

लेखापालांना दाखवल्यावर ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लोकांकडून आपण रुपया कमी घेत होतो. जास्त घेत नव्हतो ना?" नव्हतो. "मग बरं."

कोणतं राऊंड बरोबर, हे मी ठरवणार नाही. टिप्पणी सादर केली.

4 सप्टेंबर

थकबाकीवरची शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, लावायला घेतली. दरमहा दोन टक्के, सरळ हिशोब. ताडणी केली तर शेकडो ओळी वेगळ्या. पोटात गोळा आला. मग प्रभागवार लावून बघितलं तर वेगळ्या असलेल्या सगळ्या ओळी प्रभाग 4 मधल्या. तिथे जुनी प्रणाली शास्ती शून्य दाखवते. एकालाही शास्ती नाही, पाच वर्षांत कधीच नाही.

डेटाबेसमधली शास्तीची प्रोसीजर, म्हणजे तिथेच साठवलेला हिशोबाचा कोड, उघडली. सुमारे दोनशे ओळी, आणि मधोमध ही एक: प्रभाग 4 असेल तर शास्ती शून्य. ना शेरा, ना तारीख, ना आदेश क्रमांक. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक प्रोसीजर शेवटची कधी बदलली ते स्वतःहून लिहून ठेवतो. ती तारीख निघाली नोव्हेंबर 2019.

वसुली लिपिकांना विचारलं, प्रभाग 4 मध्ये काही खास? "खास काही नाही, मॅडम. तिथली माणसं पैसे उशिराच देतात. स्वभावच तसा त्या भागाचा."

स्वभाव! शास्ती लागत नाही हे त्या भागाने आपल्या आधी ओळखलंय.

19 सप्टेंबर

गणपती गेले. मामा म्हणाले, अण्णांना विचारा. अण्णा म्हणजे कर विभागातून निवृत्त झालेले वरिष्ठ लिपिक. घर प्रभाग 4 मध्येच, नदीकडच्या गल्लीत. संध्याकाळी गेले. चहा झाला, माझं गाव कोणतं, माहेर कुठलं, हे झालं. मग मी ओळ सांगितली.

अण्णांना क्षणभरही आठवावं लागलं नाही. "महापुरानंतरची ती. सगळ्यात जास्त पाणी आमच्या भागात. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, या वर्षी इथं शास्ती लावू नका, लोक आधीच बुडालेत. मी कंपनीच्या त्या पोराला फोन केला. त्यानं तासाभरात करून दिलं."

"ठराव झाला होता?"

"ठराव मांडायचा होता, ताई. पुराच्या पंचनाम्यात कोण बसतंय? मग साहेबांची बदली झाली. मग कोरोना आला. मग मी रिटायर झालो."

"आणि वर्ष संपल्यावर काढायचं होतं?"

"ते मी त्याला सांगितलं होतं. लक्षात ठेव म्हटलं होतं."

अण्णांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, आणि असायचं कारणही नाही. त्या वेळी ते योग्यच होतं. चिखलाने भरलेल्या घरावर शास्तीचं बिल पाठवणं याला मीही तयार झाले नसते. उसने पैसे घेणं चूक नव्हतं. वहीत मांडायचे राहिले.

निघताना अण्णा म्हणाले, "मी मात्र माझा कर दरवर्षी एप्रिलमध्येच भरतोय. मला ठाऊक होतं ना, म्हणून."

30 सप्टेंबर

सीओ साहेबांसाठी सविस्तर टिप्पणी. विषयात 'तांत्रिक कर्ज' लिहिलं होतं. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने 1992 मध्ये ही उपमा वापरली: घाईत केलेलं काम म्हणजे उसनवारी, लवकर फेडली तर फायद्याची, नाही फेडली तर व्याजच जड होतं. साहेबांनी पहिल्याच ओळीवर पेन ठेवलं. "कर्ज शब्द काढा. लेखापरीक्षक विचारतील कोणत्या बँकेचं, कोणत्या ठरावाने."

शब्द बदलला: 'प्रलंबित तांत्रिक दुरुस्त्या'. वहीवरचं नाव तसंच ठेवलंय, वही कोणी मागत नाही.

मग त्यांनी विचारलं, हे आपलंच असं आहे की सगळीकडे? सांगितलं की अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2016 मध्ये अहवाल दिला, त्यात अण्वस्त्रांच्या यंत्रणेत तेव्हाही आठ इंची फ्लॉपी वापरात असल्याचं लिहिलंय, आणि तिथल्या केंद्र सरकारच्या संगणक खर्चाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा जुनं चालू ठेवण्यातच जात होता. साहेबांना फ्लॉपी फार आवडली. दिवसभरात तीन जणांना सांगितली.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा अडचणीचा. नवीन खरेदी भांडवली खर्चात बसते, फोटो निघतो, उद्घाटन होतं. जुन्या कोडची दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षात टाकायची? शेवटी 'संगणक देखभाल दुरुस्ती' मध्ये, कार्ट्रिजच्या रिफिलिंगशेजारी.

टिप्पणीत तीन मागण्या होत्या. राऊंडचा निर्णय: मंजूर, अर्धा रुपया वर धरावा. यापुढे हिशोबातला कोणताही बदल लेखी आदेशाशिवाय करू नये: मंजूर. प्रभाग 4: 'यथास्थिती ठेवून वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागवावे.'

तिसऱ्यावर आधी चिडले. रात्री विचार केल्यावर साहेबांचं पटलं. पाच वर्षांची शास्ती एकदम लावली तर लोक पालिकेवर मोर्चा आणतील आणि त्यांचंही बरोबरच असेल. आणि सूट द्यायची तर ती द्यायचा अधिकार ना माझा, ना त्या ओळीचा.

16 ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. निविदा बंद. नवीन प्रणाली घ्यायची चर्चा आपोआप थंडावली, माझ्या पथ्यावर पडलं. घरच्या घरी काम करायला कोणाची ना नाही.

पालिकेच्या जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीत पिंपळ आलाय. दरवर्षी छाटतात, दरवर्षी येतो, आता काही ठिकाणी भिंत पिंपळाने धरून ठेवलीय असं वाटतं. मला नवीन प्रणाली अशीच वाढवायची आहे. जुनीला हात न लावता एकेक काम नव्याकडे: आधी शोध, मग पावती, मग फेरफार, सगळ्यात शेवटी आकारणी. ज्या दिवशी जुन्या भिंतीवर भार उरणार नाही त्या दिवशी ती पाडायची.

7 नोव्हेंबर

दिवाळी संपली. अर्धं कार्यालय निवडणुकीच्या कामात. मी नावांच्या रूपांतरात.

जुन्या डेटाबेसमध्ये मराठी नाही. म्हणजे पडद्यावर दिसते, पण आत ती इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेली आहे. डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्ट काढला की मालकाच्या नावाच्या जागी नुसती खडबड दिसते. व्हिज्युअल बेसिक 6 च्या खिडक्यांना युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, दाखवताच येत नाही, म्हणून त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या या फॉन्टवर महाराष्ट्रातली कितीतरी कार्यालयं चालली, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण अशी की ही साठवण टंकलेखनाच्या ठशांसारखी आहे, दिसतं त्या क्रमाने. 'शिंदे' मध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी, श नंतर. युनिकोडमध्ये उलट. त्यामुळे वेलांटी उचलून पलीकडे टाकायची, पण एकाच अक्षरापलीकडे नव्हे, अख्ख्या जोडाक्षरापलीकडे. नाहीतर 'स्थिती'ची वाट लागते. रफाराचं याच्या बरोबर विरुद्ध: 'वर्मा' मध्ये तो शेवटी बसलेला, त्याला मागे आणून म च्या आधी सोडायचा. आणि दीर्घ वेलांटी व रफार मिळून जो एकच ठसा आहे, त्याचे आधी दोन तुकडे करायचे.

तपासणीसाठी जुनीच रीत वापरली. एकाने छापील आकारणी रजिस्टर वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं. वसुली लिपिक मंडळी जेवणाच्या सुट्टीत बसली. माझ्या सगळ्या चाचण्यांतून सुटलेल्या चुका त्यांच्या कानांनी पकडल्या.

2 डिसेंबर

एक कुऱ्हाडे काका खिडकीवर उभे. शोधलं तर नाव नाही. रजिस्टरमध्ये आहे, पडद्यावरच्या यादीत खाली सरकत गेलं तर आहे, शोधलं की नाही. दोन्ही 'कुऱ्हाडे' डोळ्यांना हुबेहूब सारखे.

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नेहमीचा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. दोन, ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. माझ्या रूपांतराने पहिली तऱ्हा वापरली, खिडकीवरच्या कीबोर्डने दुसरी. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे दोन एक होत नाहीत, मुद्दाम करावे लागतात. 'ॲ' चं तेच: एक अखंड अक्षर, एक अ आणि वर चंद्र. 'ॲडव्होकेट' लावलेली नावं त्यामुळे दोन गटांत विभागली होती.

सगळं एका तऱ्हेवर आणलं, साठवतानाही आणि शोधतानाही. चाचण्यांत कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर घातले. बाहेरून आणलेली प्रणाली असती तर हे काका 'तुमचं नाव नाही' ऐकून परत गेले असते. ते थांबले अर्धा तास, पण पावती घेऊन गेले.

8 जानेवारी 2025

सुरक्षा लेखापरीक्षण झालं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीवरची संस्था, दोन तरुण मुलं. अहवाल जाडजूड. सगळे 'अॅडमिन' नावानेच आत जातात, आणि पासवर्ड कर विभागाच्या कालनिर्णयवर, दर जानेवारीत नव्या कालनिर्णयवर उतरवलेला. प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं. दोन दिवस कुरकूर झाली.

गंमत घड्याळाची. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सर्व्हरची वेळ राष्ट्रीय वेळेशी जुळलेली हवी आणि नोंदी 180 दिवस ठेवायला हव्यात. आमचा सर्व्हर सतरा मिनिटं मागे. जुळवायला घेतला तर कर निरीक्षक घाईघाईने आले. "मार्चनंतर केलं तर?"

31 मार्चच्या रात्री बारा वाजून गेल्यावर आलेल्या माणसालासुद्धा ती सतरा मिनिटं जुन्या वर्षात घ्यायची. कोणी मुद्दाम मागे ठेवलं होतं की आपोआप पडलं होतं हे कळायला मार्ग नाही. मी जुळवलं. वहीत नोंद क्र. 31, फेडली. कर निरीक्षकांचं तोंड आठवडाभर पडलेलं.

21 फेब्रुवारी

शोध आणि पावती नव्या प्रणालीवर. पावती दोन्हीकडे निघते, रात्री ताडणी होते, सकाळी साडेनऊला निकाल माझ्या आणि लेखापालांच्या टेबलावर. सलग नऊ दिवस शून्य फरक, दहाव्या दिवशी एक: रद्द केलेला धनादेश. जुनी प्रणाली तो उणे रकमेची पावती म्हणून घेते. ताडणी पुन्हा पहिल्यापासून मोजायची, असं लेखापालच म्हणाले. संगणकीय फरकाची नोंद टाकणारे ते हेच लेखापाल.

31 मार्च 2025, सोमवार

काल पाडवा, आज ईद, तरी खिडक्या चालू. वर्षअखेरीची गर्दी. सकाळी शिरखुर्मा आला, कालच्या श्रीखंडाचा डबा होताच. चार खिडक्या नव्या प्रणालीवर, पाचवी जुनीवर, आधार म्हणून. दुपारी जुनी अडकली आणि रांग आपोआप चौघांकडे वळली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अण्णा आले होते. कर भरायला नव्हे, तो गेल्या एप्रिलमध्येच भरलाय. म्हणाले, "ती ओळ काढली का?"

वर नेऊन दाखवली. काढलेली नाही, मार्गदर्शनाच्या पत्राला अजून उत्तर नाही. पण नव्या प्रणालीत ती कोडमध्ये नाही, सवलतींच्या तक्त्यात आहे: प्रभाग, कारण, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख (रिकामी), आदेश क्रमांक. आदेशाच्या रकान्यात आमच्या पत्राचा जावक क्रमांक आणि 'मार्गदर्शन प्रलंबित'.

अण्णांनी चष्मा वर करून वाचलं. "खाली सही कुणाची?"

बदलाच्या नोंदीत माझं नाव दिसत होतं, सीओ साहेबांच्या मान्यतेची तारीखही. ती दाखवली.

"बरं केलंस. माझं नाव असायला पाहिजे होतं खरं तर," म्हणाले, आणि जिना उतरले.

बारा वाजता खिडक्या बंद. घड्याळ बरोबर बारा दाखवत होतं. बारा-चारला एकजण धावत आला. त्याची पावती 1 एप्रिलची निघाली. कर निरीक्षकांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

4 एप्रिल

नवीन वर्षाची बिलं नव्या हिशोबाने छापली. बिलांची आणि मागणी रजिस्टरची बेरीज पहिल्यांदाच एक. लेखापालांनी दोनदा बेरीज मारली.

वहीत एकूण नोंदी 58. फेडलेल्या 34. फेरफार आणि आकारणी अजून जुन्यावरच, म्हणजे सर्व्हर 2003 बंद करता येत नाही. तो आता जाळ्यापासून तोडून वेगळा ठेवलाय. सोमवारी फेरफारला सुरुवात. त्याआधी प्रभाग 4 च्या पत्राला तिसरं स्मरणपत्र. आणि आज शुक्रवार. मामा येऊन विचारून गेले, उघडली का. उघडली.